१६० स्क्वेअर फुटांचं इंटिरियर

गेल्या महिन्यात एका मित्राच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलो होतो. टू बीएचके, खिडकीतून हायवे, बाकी सगळं असतं तसंच. हॉलच्या एका भिंतीवर मात्र लाकडी खोक्यांचं शेल्फ होतं. खोकी म्हणजे अक्षरशः खोकी. कडा घासलेल्या, फळ्यांवर काळ्या शाईत काहीतरी छापलेलं, दोन-चार ठिकाणी खिळे उपटल्याची भोकं. मला वाटलं पठ्ठ्याने मार्केट यार्डातून उचलून आणली. विचारलं, तर म्हणाला, "छे रे, ऑनलाइन घेतली. डिस्ट्रेस्ड फिनिश म्हणतात याला." म्हणजे नवं लाकूड घ्यायचं, मशीनवर घासून ते जुनं करायचं, त्यात खोटी भोकं पाडायची आणि नव्यापेक्षा जास्त किमतीला विकायचं. रेझ्युमेत दोन वर्षांचा खोटा अनुभव टाकणारी मंडळी आठवली. :)

चेष्टा सोडा, शेल्फ दिसत होतं छान. पण ते बघताना राहून राहून वाटत होतं की अशी खोकी मुंबईतल्या भिंतींवर शंभर वर्षांपूर्वीही होती. ती आली कुठून आणि त्यांच्या शेजारी काय काय होतं, हा या वीकेंडचा विषय. राजवाड्यांच्या आणि बंगल्यांच्या सजावटीवर जाडजूड, चकचकीत पुस्तकं निघतात. मला चाळीतल्या एका खोलीच्या सजावटीबद्दल लिहायचंय.

तर आधी खोकं.

वीज घरोघरी पोचायच्या आधी दिवे रॉकेलवर चालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रॉकेल आपल्याकडे जहाजाने यायचं, ते चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून. एका डब्यात चार ब्रिटिश गॅलन, म्हणजे साधारण १८ लिटर. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवलेले असत. तेल संपलं की डबा आणि खोकं, दोन्ही उरायचं. आता गंमत ऐका. मार्कस सॅम्युएल नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने (यांचीच पुढे शेल कंपनी झाली) डोकं चालवलं की डब्यांचा खर्च कशाला, सुटं तेल टाकीवाल्या जहाजातून नेऊ. त्याचं 'म्युरेक्स' हे जहाज १८९२ साली सुएझ कालव्यातून आशियात आलं. तेल स्वस्त झालं, पण खपेना. कारण गिऱ्हाईक नुसतं तेल विकत घेतच नव्हतं, त्याला डबाही हवा होता! प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनीचे निळे डबे आशियाभर लोकांच्या छपरांवर, स्वयंपाकघरात, जिथे तिथे दुसरं आयुष्य जगत होते. शेवटी सॅम्युएलला पत्रा मागवून ठिकठिकाणी लाल डबे तयार करून घ्यावे लागले, तेव्हा कुठे त्याचं तेल विकलं गेलं. जगातल्या एका बलाढ्य कंपनीचं गणित गरीब घरांतल्या 'डबा कशाला टाकायचा' या विचाराने चुकवलं, हे वाचल्यापासून मला जाम आवडलंय.

आपल्याकडे त्या डब्यात धान्य राहिलं, पाणी राहिलं, कापून सरळ केलेला पत्रा दाराच्या कुजलेल्या फळीवर बसला. देवदारी खोकं आडवं ठेवलं की बसायला, उभं केलं की फडताळ, भिंतीला ठोकलं आणि पुढे पडदा लावला की देव्हारा. पुढे १९३७ साली डालडा आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. त्या डब्याची कारकीर्द तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी बघितली आहे. तूप संपलं की डाळ, डब्याला पोचे पडले की गॅलरीत तुळस किंवा ओवा, आणि तळ गळायला लागेपर्यंतची शेवटची वर्षं चाळीच्या टोकाला, सार्वजनिक संडासाच्या वाटेवर. एकाच वस्तूला इतक्या पोस्ट मिळालेल्या मी तरी आमच्या कंपनीत पाहिलेल्या नाहीत.

आता ही खोली बघू. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात निघाली आणि पुढच्या सत्तर वर्षांत कोकणातून आणि घाटावरून माणसं येतच राहिली. राहायची सोय मात्र त्या वेगाने होईना. १९२१-२२ च्या सरकारी पाहणीत मुंबईतली ९७ टक्के कामगार कुटुंबं एका खोलीच्या घरात राहत असल्याचं आढळलं. गव्हर्नर लॉईडच्या सरकारने तेव्हा मोठा घाट घातला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ इमारती आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या बांधून गाडी थांबली. (प्रोजेक्टचा स्कोप कापला जाणं ही आपल्या क्षेत्राची मक्तेदारी नाही.) याच त्या बीडीडी चाळी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. सुरुवातीला तर लोक त्यात राहायलाच तयार नव्हते, कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या.

लालबाग-परळच्या खाजगी चाळीतल्या खोल्याही आकाराने याच घराण्यातल्या. त्यात सहा-आठ माणसं, आणि गाळा असला तर गावाकडून आलेले दहा-पंधरा पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळ्या लागलेल्या असायच्या. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा.

इथे सजावटीचा पहिला नियम तयार होतो, तो म्हणजे जमीन कोणाच्याच मालकीची नाही. ती टाइम शेअरिंगवर आहे. सकाळी तिथे स्वयंपाक, दुपारी निवडणं-टिपणं, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री अंथरुणं. त्यामुळे जे काही मांडायचं ते भिंतीवर आणि तेही कंबरेच्या वर. खुंट्या, कपड्यांची तार, फळ्या, मांडणी, आणि सगळ्यांच्या वर, छताला लागून, तसबिरींची रांग. उंची असली तर पोटमाळा. खोलीच्या आत अर्धी खोली काढायची ही युक्ती कोणा आर्किटेक्टने दिलेली नाही. भिंतीला चुना, त्यात थोडी नीळ, कारण नुसता चुना पिवळट दिसतो आणि नीळ कपड्यांसाठी घरात असतेच. तो जो एक विशिष्ट निळा रंग जुन्या फोटोंत दिसतो, आणि ज्याला आता रंगाच्या कॅटलॉगात छानसं परदेशी नाव मिळालंय, तो कपडे धुण्याच्या सामानातून आलेला आहे.

तसबिरींपाशी जरा थांबतो, कारण इथे मामला फार इंटरेस्टिंग आहे.

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) मोठ्या लोकांचा चित्रकार. बडोद्याच्या सयाजीरावांसारख्या संस्थानिकांकडे त्याची तैलचित्रं. पण १८९४ साली त्याने गिरगावात छापखाना काढला आणि चित्रं गल्लीत आली. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. छपाई शिळेवरची. जर्मनीतून आणलेला चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फक्त तेलकट जागी चिकटते. एका रंगाला एक दगड. म्हणजे लक्ष्मीच्या एका चित्रासाठी तोच कागद पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या दगडांखालून काढायचा, आणि प्रत्येक वेळी तो तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. जरा सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर. पुण्यातही १८७८ पासून चित्रशाळा प्रेस होताच. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखी माणसं होती. त्यांच्या हिशेबात देवांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रं घरोघरी जाणं हे जागृतीचं काम होतं.

तर चित्र घरी आलं. सगळ्या घरांत एकच लक्ष्मी, एकच सरस्वती. मग बायकांनी काय केलं? त्यांनी लक्ष्मीला साडी नेसवली. खरी. जुन्या जरीच्या काठाची पट्टी कापून चित्रातल्या पदरावर शिवली किंवा चिकटवली, मुकुटावर टिकल्या लावल्या, गळ्यात मोती ओवले, आणि मग काच बसवून घेतली. असे सजवलेले छाप आज संग्राहकांकडे आहेत आणि त्यांना किंमतही चांगली येते. कारखान्यातून निघालेल्या हजारो सारख्या प्रतींपैकी तुमची एक प्रत अशी एकमेव होऊन जाते. आपण ओपन सोर्सवाले याला फोर्क मारणं म्हणू. मला विशेष वाटतं ते जरीच्या पट्टीचं. ती आली कुठून? कोणाच्या तरी लग्नातल्या शालूचा विरलेला काठ. नेसण्यासारखा राहिला नाही, पण फेकायचा कसा? देवीच्या अंगावर गेला.

ज्यांना छापील तसबीरही परवडत नव्हती त्यांच्यासाठी कापडाच्या ठाणावरची लेबलं होती. मँचेस्टरच्या गिरण्या आपापल्या ठाणांवर रंगीत लेबलं चिकटवायच्या, त्याला बाजारात 'टिका' म्हणत. त्यावर देव, राजे, वाघ, बायका. अगदी मुंबईच्या कापडाशी स्पर्धा करायला आलेल्या परक्या ठाणावरही आपलाच कृष्ण. ठाण विकलं गेलं की लेबल भिंतीवर. मग कंपन्यांची कॅलेंडरं आली, आणि १९७३ पासून कालनिर्णय. वर्ष संपलं तरी देवाचं चित्र असलेलं पान फाडून फेकायची कोणाची टाप नव्हती. ते चौकटीत जायचं, नाहीतर ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटायचं. त्या तसबिरी भिंतीला सपाट न लावता पुढे झुकवलेल्या का असतात, हे मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले, आपण जमिनीवर बसतो ना, देवाला आपण दिसायला नको?

तसबिरींच्या खालोखाल मान मांडणीचा. आमच्या आजीची खोली लालबागला होती, आजोबा गिरणीत. मांडणीवर तांब्या-पितळेची भांडी मोठ्यापासून लहानापर्यंत: घंगाळ, हंडे, कळशा, मग डब्यांची उतरंड. सणाच्या आधी चिंच आणि राख लावून सगळी घासायची. खालच्या फळ्यांना वर्तमानपत्राची झालर. पेपर चारदा दुमडायचा, कात्रीने चंद्रकोरी कापायच्या, मधे मधे चौकोनी खिडक्या, उलगडला की जाळी. दिवाळीला नवी. हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांनी एकदा करून बघा, वाटतं तितकं सोपं नाहीये.

ही भांडी रोजच्या वापराची नव्हती. रोज जर्मनची पातेली. मग तांबं-पितळ कशासाठी? शोभेला, हे उत्तर अर्धंच आहे. पितळ वजनावर विकलं जातं. ती मांडणी म्हणजे घरातली एफडी होती, फक्त आपण पासबुक कपाटात ठेवतो आणि त्यांनी ते चकाकवून समोर मांडलेलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आठ-पंधरा दिवसांत मिटेल असं वाटलेला संप वर्ष उलटलं तरी मिटला नाही, आणि रीतसर मागे तर कधीच घेतला गेला नाही. गिरणगावातल्या किती मांडण्या त्या काळात रिकाम्या झाल्या याची मोजदाद कोण ठेवणार? आमच्या घरची हकीकत मला आत्याने सांगितली. ती तेव्हा नववीत होती. आधी घंगाळ गेलं, कारण ते सगळ्यात जड. मग हंडे. पावसाळ्यापर्यंत वरची फळी रिकामी. आजीला भांडी गेल्याचं जितकं लागलं नाही तितकं त्या रिकाम्या फळीचं लागलं, कारण खोलीचं दार दिवसभर उघडं आणि गॅलरीतून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आत बघणार. तिने काय करावं? डालड्याचे आणि बिस्किटांचे डबे गोळा केले, जुन्या कॅलेंडरची चित्रं खळीने त्यांवर चिकटवली, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत तशीच उतरंड रचली. गणपती, शंकर-पार्वती, काश्मीरचा देखावा. आत्या म्हणते, "लोक थांबून बघायचे. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, ही कला तुम्हाला कधीपासून हो?" आजी म्हणाली, "होतीच, वेळ मिळत नव्हता."

हे उत्तर मी किती वेळा घोळवलंय डोक्यात. त्यात थाप आहे, अब्रू आहे, आणि थोडं खरंही आहे.

त्या पडझडीतही एक गोष्ट विकली गेली नाही, ती म्हणजे गोधड्या. अर्थात त्यांना कोणी घेतलंही नसतं. पण गोधडीच्या आधीची जी स्टेज असते, जुन्या कपड्यांचं गाठोडं, त्याला गिऱ्हाईक होतं: बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती चाळीत यायची आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. स्टेनलेस स्टील घरोघर पोचवण्यात या बायकांचा वाटा केवढा असेल! जरीची साडी असली तर मोठं पातेलं, सुती असल्या तर चार साड्यांवर एक वाटी आणि त्यावर अर्धा तास घासाघीस. म्हणजे प्रत्येक जुन्या साडीसमोर दोन रस्ते असायचे. एक बोहारणीच्या पाटीकडे, दुसरा गोधडीकडे. आणि प्रत्येक वेळी घरातल्या बाईला निर्णय घ्यावा लागायचा.

गोधडीचं तंत्र साधं आहे. (घाटावरच्या मंडळींनो, तुमची वाकळ. भांडू नका.) खाली एक धड नऊवारी लुगडं, वर एक, मधे फाटक्यांचे थर, आणि कडेपासून सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकते. मधले थर दिसत नाहीत, वरचा विरला की दिसायला लागतात. मग त्यावर नवीन ठिगळ. आमच्याकडे आजीची एक गोधडी अजून आहे. तिच्यात आजीचं हिरवं लुगडं आहे, गिरणीच्या दुकानातून आणलेल्या फेंटचे, म्हणजे उरलेल्या तुकड्यांचे, चौकोन आहेत, आत्याच्या शाळेच्या युनिफॉर्मचा निळा स्कर्ट आहे, आणि बाबांच्या पहिल्या फुलपँटचा गुडघा. बाबा थंडीत ती पांघरतात आणि पांघरता पांघरता एकेक तुकडा दाखवून सांगतात, हा अमुकच्या लग्नातला, हा तमुकच्या वेळचा. दर वेळी तीच हिस्टरी, सबंध गिट लॉग. आई म्हणते, झोपा आता.

आजीला कोणी विचारलं की हे का ठेवलंस, तर ती म्हणायची, "टाकवत नाही." या क्रियापदाकडे जरा बघा. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. मी टाकत नाही असं ती म्हणत नव्हती. मला टाकवत नाही, म्हणजे हातून ते होत नाही. हल्ली कृतज्ञतेच्या डायऱ्या मिळतात, रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या असतात, आमच्या ऑफिसात एचआरने वाटल्यादेखील. आजीने 'कृतज्ञता' हा शब्द आयुष्यात उच्चारला असेल असं मला वाटत नाही. पण ज्या लुगड्याने दहा वर्षं अंग झाकलं ते एका वाटीवर देताना जर हात अडखळत असेल, तर त्या अडखळण्याला मी दुसरं काय म्हणू? आणि तो हात अडखळला म्हणूनच डोकं चालायला लागतं. टाकायचं नाही हे एकदा ठरलं, की याचं करायचं काय हा प्रश्न उभा राहतो. झालर, उतरंड, गोधडी ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरं.

मजा म्हणजे हीच गोष्ट सरकारने शाळेत आणली तेव्हा तिचा पार विचका झाला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणात कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. उद्देश उत्तम होता. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा 'टाकाऊतून टिकाऊ' नावाचा तास झाला. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करायचं असायचं. इतकं आइस्क्रीम कोण खाणार? मग स्टेशनरीच्या दुकानात कोऱ्या काड्यांचं पाकीट मिळायचं. फुटक्या बांगड्यांचं तोरण करायला नवीन बांगड्या आणून फोडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. झालेली वस्तू बाईंनी सही केली की त्याच आठवड्यात कचऱ्यात. टिकाऊतून टाकाऊ! मित्राच्या डिस्ट्रेस्ड फिनिशचा उगम मला वाटतं इथेच कुठेतरी असावा. खोक्याला पाडलेली भोकं खोटी, कारण त्या खोक्यातून त्या घरात कधी काही आलेलंच नाही.

आता कोणी म्हणेल, गरिबीचं कौतुक करतोयस. आक्षेप मान्य. १६० चौरस फुटांत आठ माणसं राहणं यात काहीही सुंदर नाही. गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली. असं कपाट आजीला तुम्ही दिलं असतं तर तिने डालड्याच्या डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. शिवाय हा सगळा उद्योग बायकांच्या खात्यावर. स्वयंपाक, पाणी भरणं, पापड लाटणं हे सगळं उरकल्यावर, रात्री साठच्या बल्बखाली डोळे ताणून धावदोरा. आजीची नजर लवकर अधू झाली. घरातल्या पुरुषांनी एक टाका घातल्याचं ऐकिवात नाही, आणि गोधडीवरचा हक्क मात्र सगळ्यात आधी त्यांचा. तेव्हा 'पूर्वी कसं साधं आणि छान होतं' असं मला म्हणायचं नाहीये. मला एवढंच दिसतं की हातात काहीही नसताना त्या बायकांनी नुसती सोय बघितली नाही. डबे ठेवायला झालर लागत नाही. पांघरायला तुकड्यांचे रंग जुळवावे लागत नाहीत. हिरव्याशेजारी निळा ठेवायचा की तांबडा, यावर आजी आणि शेजारच्या काकू वाद घालायच्या म्हणे. वाद घालण्याइतपत तरी ते मोकळं होतं.

या चाळी आता जातायत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. फोटो बघून बरं वाटलं. शंभर वर्षं झाली होती हो. लालबागची आमची खोली आत्याच्या नावावर होती, तीही चाळ पडली आणि गेल्या वर्षी आत्या चौदाव्या मजल्यावर राहायला गेली. बहुतेक सामान तिने चाळ सोडतानाच वाटून टाकलं होतं. पोटमाळ्याच्या फळ्या, ट्रंका, तार, सगळं भंगारवाल्याने वजनावर नेलं. कॅलेंडरच्या डब्यांपैकी एकच उरला होता, काश्मीरवाला. तो तिने ठेवला, आत सुया आणि रिळं आहेत.

किचन करायला आलेला पोरगा टॅबवर थ्रीडी डिझाइन घेऊन आला होता. मीच त्याच्याशी बोलायला गेलो होतो, म्हटलं आत्याला तो गंडवेल. सगळं बंद. बंद ट्रॉल्या, बंद कपाटं, बंद पाइप. आत्याने ते सगळं मान्य केलं आणि मग म्हणाली, "इथे एक उघडी फळी हवी." तो म्हणाला, "मावशी, उघड्यावर धूळ बसते." आत्या म्हणाली, "धूळ मी पुसते, तू फळी मार." त्याने माझ्याकडे बघितलं. मी टॅबकडे बघितलं.

फळी बसली. दिवाळीच्या आधी गेलो तेव्हा आत्या जमिनीवर बसून रविवारच्या पेपरची झालर कापत होती. शेजारी पुरवणीतली जाडजूड, गुळगुळीत पानं काढून ठेवलेली, सगळी नव्या टॉवरच्या जाहिरातींची. मी म्हटलं, अगं ही रंगीत आहेत, छान दिसतील की. तर कात्री न थांबवता म्हणाली, "नाही रे बाळा, त्या कागदाला घडी धरत नाही."